पाहुणे, दुभाषी आणि मूळ वाक्य

खिदिरपूर या नावाची व्युत्पत्ती दोन प्रकारे सांगितली जाते. एका मताप्रमाणे ते किड या इंग्रजी आडनावावरून आले. दुसऱ्या मताप्रमाणे जलप्रवाशांचा पाठीराखा मानला गेलेला ख्वाजा खिज्र त्याच्या मुळाशी आहे. या वादाचा निर्णय करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु नावाचे श्रेय परक्या साहेबाला द्यावे की घरच्या पिराला, हा प्रश्न या वस्तीच्या इतिहासाला साजेसाच आहे. येथील गोदी १८९२ मध्ये सुरू झाली. हुगळीच्या याच परिसरातून गिरमिटिया मजूर मॉरिशस, गयाना, सुरिनाम आणि फिजीकडे रवाना झाले. त्यांचे स्मारक उभे राहण्यास मात्र २०११ साल उजाडले. आज येथे उर्दू, हिंदी, भोजपुरी आणि बंगाली या भाषा एकाच गल्लीत नांदतात. आणि याच गल्ल्यांत अधूनमधून मदतकार्य करणाऱ्या संस्थांचे परदेशी सहकारी ‘भेटी’साठी येतात.

अशा एका भेटीच्या वेळी मी उपस्थित होतो. संस्थेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण दोष कोणा एकीचा नाही. पाहुणे सज्जन होते, प्रश्नही आस्थेने विचारीत होते. एका विधवा बाईंना त्यांनी विचारले, घर कसे चालते? बाईंनी पदर सावरून उत्तर दिले, “गुज़ारा हो जाता है.” दुभाष्या तरुणाने त्याचे इंग्रजी केले ते असे: या फार गरीब आहेत, पण आपल्या मदतीमुळे तग धरून आहेत. पाहुण्यांनी ते वहीत टिपून घेतले.

बाई तसे काहीच म्हणाल्या नव्हत्या. मराठी वाचकाला ‘गुज़ारा’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, कारण ‘गुजराण’ त्याच्याच कुळातला आहे. त्यात ओढगस्त आहे, पण ‘माझे मी निभावते’ हा ताठाही आहे. आणि उपकाराचा उल्लेख तर मुळीच नाही. दुभाष्याने लबाडी केली असे मला वाटत नाही. पुढील वर्षाच्या अनुदानाचा प्रश्न समोर असताना त्याने जे वाक्य अपेक्षित होते ते पुरवले, इतकेच. तथापि भाषांतरात नेमके काय गळून पडले, हे पाहणे आपणा साहित्याभ्यासकांचे काम आहे. ते आपण केलेले नाही.

पाहुण्यांनी लिहिलेले वाङ्मय मात्र आपण आवर्जून वाचतो. हुगळीपलीकडे हावड्यातील पिलखाना वस्तीवर दोमिनिक लाप्येर यांनी १९८५ मध्ये ‘सिटी ऑफ जॉय’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. तिच्या मानधनाचा अर्धा वाटा त्यांनी सेवाकार्याला दिला, याबद्दल त्यांच्याविषयी आदरच वाटतो. १९९२ मध्ये तिच्यावर चित्रपटही आला, आणि चित्रीकरणाच्या काळात कलकत्त्यात त्याविरुद्ध निदर्शने झाली. त्या वादात ‘शहराची बदनामी’ हा मुद्दा फार गाजला. माझ्या मते तो गौण होता. वस्तीतील माणसे जे बोलली ते मूळ शब्दांत कोठे नोंदले गेले आहे काय, हा खरा प्रश्न होता; तो कोणीच विचारला नाही.

मदत घेणारा स्वतः लिहू शकतो तेव्हा काय घडते, याचे एक उदाहरण खुद्द खिदिरपूरशी निगडित आहे. मायकेल मधुसूदन दत्त यांचे कुमारवय या भागातील वडिलांच्या घरी गेले. पुढे व्हर्सायला कर्जाने गांजले असता त्यांनी ईश्वरचंद्र विद्यासागरांना पत्रे लिहिली आणि विद्यासागरांनी १८६४ मध्ये त्यांना पैसे धाडले. (मदतीचा ओघ त्या वेळी कलकत्त्याकडून युरोपकडे होता, ही गंमत नोंदवून ठेवावी.) त्या पत्रांत अजिजी आहे, पण दीनवाणेपण नाही. ‘चतुर्दशपदी कवितावली’मध्ये त्यांनी विद्यासागरांवर एक सुनीतही रचले. तेथे याचक हा दात्याच्या बरोबरीने उभा आहे, कारण शब्द त्याचे स्वतःचे आहेत.

दुसरे उदाहरण मराठीतील आहे आणि माझ्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाला बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनचे साहाय्य होते. सदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडले आणि पुढच्याच वर्षी पुण्यास गेले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून वादळ उठले, तेव्हा सदनाच्या स्थितीची चौकशी बोस्टनपर्यंत गेली. येथवर हा इतिहास आजच्या कोणत्याही संस्थेचा वाटावा. परंतु रमाबाईंनी एक असाधारण गोष्ट आधीच करून ठेवली होती. अमेरिकेहून परतल्यावर १८८९ मध्ये त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक मराठीत प्रसिद्ध केले. दात्यांच्या देशातील राज्यव्यवस्था, स्त्रियांची स्थिती, धर्मादाय संस्था यांचे त्यांनी मनापासून कौतुक केले. पण काळ्या लोकांवरील आणि मूळ रहिवाशांवरील अन्यायाकडेही डोळेझाक केली नाही. साहाय्य स्वीकारणाऱ्या स्त्रीने साहाय्यकांच्या घराची पाहणी करून तिचा वृत्तांत आपल्या भाषेत आपल्या लोकांपुढे ठेवला. एकोणिसाव्या शतकातील मराठी प्रवासवर्णनांत हे पुस्तक गणले जाते ते ठीकच. पण ‘भेटीचा उलटा अहवाल’ म्हणून त्याचे वाचन अद्याप व्हावयाचे आहे.

सर्वांकडून रमाबाईंची अपेक्षा करता येणार नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. खिदिरपूरच्या त्या बाईंना पुस्तक लिहावयाचे नाही. पण त्यांचे वाक्य जपण्यासाठी पुस्तकाची गरजही नाही. परदेशी पालकांना मुलांनी बंगालीत वा उर्दूत लिहिलेली पत्रे, इंग्रजी होण्यापूर्वीचे अर्ज, सभांत घेतलेल्या जबान्या हे सारे संस्थांच्या कपाटांत निर्माण होते आणि भाषांतर रवाना झाले की मूळ कागद रद्दीत जातो. परदेशातून आलेल्या पैशाचा हिशेब ठेवण्यास १९७६ च्या आणि त्यानंतर २०१० च्या कायद्याने संस्थांना बांधून घेतले आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर तर ती रक्कम दिल्लीतील एका ठरावीक बँक शाखेतच प्रथम जमा करावी लागते. रुपयाचा माग असा काटेकोरपणे ठेवला जात असताना शब्दांचा माग ठेवण्यास कोणीही बांधलेला नाही.

भारतीय भाषांच्या विभागांनी हे काम अंगावर घ्यावे, अशी माझी सूचना आहे. गोपनीयतेची अडचण खरी आहे. नावे वगळून आणि लिहिणाऱ्याची संमती घेऊन ती सोडवता येईल. प्रारंभ एका वस्तीपासून, दोन-तीन संस्थांच्या कपाटांपासून करावा. उर्दू, हिंदी आणि बंगालीचे विद्यार्थी एकत्र बसल्याशिवाय खिदिरपूरची कागदपत्रे वाचताच येणार नाहीत, आणि तौलनिक साहित्याचे वर्ग ज्यासाठी काढले ते यापेक्षा फारसे वेगळे नव्हते. घाई एवढ्यासाठी की हुगळीकाठच्या ओलीत कागद फार पावसाळे काढीत नाही.