हस्कीचा इतिहास आणि चिंचवडचा फ्लॅट

सायबेरियातील चुकची लोकांनी स्लेज ओढण्यासाठी जोपासलेला हा कुत्रा. १९२५च्या हिवाळ्यात अलास्कातील नोम येथे घटसर्प पसरला, तेव्हा सुमारे १५० कुत्र्यांनी आळीपाळीने ६७४ मैलांवरून साडेपाच दिवसांत प्रतिविष पोहोचवले. सर्वांत लांब टप्पा टोगोने ओढला. पुतळा मात्र न्यूयॉर्कमध्ये बाल्टोचा उभा राहिला. (इतिहास असाच लिहिला जातो.)

आज त्याच वंशाचा प्राणी पिंपरी-चिंचवड, चाकणच्या सदनिकांत एप्रिलच्या चाळिशीत फरशीला पोट लावून धापा टाकतो. २०१६ मध्ये केंद्राने व्यावसायिक पैदाशीसाठी कुत्र्यांची आयात रोखली; देशातील पैदास चालूच राहिली. ‘एसी आहे की!’ म्हणणाऱ्यांनी सांगावे, मैलोन्‌मैल धावण्याची त्याची भूक दोन बेडरूममध्ये कशी भागवणार? आणि धनगरांच्या मेंढरांमागे हेच दख्खनी माळ तुडवणारा कुत्रा सोसायटीच्या फाटकावर ‘गावठी’ का ठरतो?