उत्सव मोफत, परतीचा प्रवास महाग

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीतून मारबतींची मिरवणूक निघाली, की उपराजधानीत उत्सवांचे पर्व सुरू होते आणि ते थेट डिसेंबरातील विधिमंडळ अधिवेशनापर्यंत चालते. गणेशोत्सव, नवरात्र, दसरा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, कोजागरी, दिवाळी पहाट, राज्य नाट्यस्पर्धा, सांस्कृतिक महोत्सव अशी ही मालिका असते. मात्र घरखर्चाच्या दृष्टीने हेच महिने सर्वांत जड. कपडे, फराळ, पाहुण्यांची ये-जा आणि मुलांच्या शाळेचे हप्ते यांतून वाट काढताना मध्यमवर्गीय आणि कष्टकरी कुटुंबांत पहिली कात्री लागते ती करमणुकीला. वास्तविक नागपुरात तशी कात्री लावण्याची गरज पडू नये. कारण या शहरातील शरदातले बहुतेक मोठे सोहळे विनातिकीट आहेत. अडचण आहे ती तेथवर पोहोचण्याची आणि त्याहून अधिक परतण्याची.

मारबतीचेच उदाहरण घ्यावे. काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासूनची, तर पिवळ्या मारबतीची १८८५ पासूनची. सोबत निघणारे बडगे त्या-त्या वर्षीच्या राजकारणाची, भ्रष्टाचाराची आणि महागाईची खिल्ली उडवतात. जुन्या वस्तीतील मंडळींच्या वर्गणीवर आणि हातकौशल्यावर चालणाऱ्या या उत्सवाला ना व्यासपीठ लागते, ना खुर्च्या. त्याच दिवशी लाकडी नंदी घेऊन दारोदार फिरणाऱ्या लहानग्यांचा तान्हा पोळाही असतो आणि त्यांच्या हातावर खाऊ, बोजारा पडतो. खर्च जवळजवळ शून्य आणि आनंद मात्र साऱ्या मोहल्ल्याचा, असे या दिवसाचे स्वरूप आहे.

दसऱ्याला हे चित्र कितीतरी पटींनी मोठे होते. १९२५ च्या विजयादशमीला स्थापन झालेल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचा उत्सव, कस्तुरचंद पार्कवरील रावणदहन आणि दीक्षाभूमीवरील धम्मचक्र प्रवर्तन दिन अशा तीन वेगवेगळ्या प्रवाहांची गर्दी या सुमारास एकाच शहरात उतरते. यांपैकी दीक्षाभूमीचा सोहळा अर्थकारणाच्या दृष्टीनेही अभ्यासण्यासारखा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्या वर्षीच्या अशोक विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हापासून लाखोंचा जनसमुदाय येथे येतो. यातील बहुसंख्य माणसे मोठ्या खर्चाच्या तयारीने येत नाहीत; रेल्वेने, एस. टी.ने किंवा पायी येतात. तरीही ती उपाशी राहत नाहीत. परिसरातील रस्त्यांवर वस्त्यावस्त्यांतील मंडळे, कर्मचारी संघटना आणि साधी कुटुंबेही भोजनदानाचे मंडप घालतात. पुस्तकांच्या दुकानांपुढे रांगा लागतात. राज्य शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड खासगी प्रकाशनांच्या मानाने स्वस्त असल्याने, परतणाऱ्या अनेकांच्या पिशवीत एखादे पुस्तक असतेच. अल्प खर्चात समृद्ध होऊन परतण्याचा याहून मोठा नमुना महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

याच भूमीवर १ जुलै २०२४ रोजी भूमिगत वाहनतळाच्या कामाविरुद्ध आंदोलन भडकले. स्मारकाच्या रचनेला धोका पोहोचेल, ही अनुयायांची भीती त्यामागे होती आणि शासनाला काम स्थगित करावे लागले. धोक्याचा मुद्दा बाजूला ठेवला, तरी एक प्रश्न उरतोच. ज्या सोहळ्याला येणारा माणूस प्रामुख्याने पायी चालणारा आहे, तेथे नियोजनाचा प्रारंभ मोटारींपासून का व्हावा? पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहे, सावली, रात्रीचा निवारा आणि स्थानकापर्यंतची बस या त्याच्या खऱ्या गरजा आहेत.

लोकवर्गणीतून होणाऱ्या उत्सवांनंतर दुसरा प्रवाह येतो तो शासकीय पाठबळाचा. १९८६ साली स्थापन झालेले दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र नागपुरातच आहे. त्याच्या प्रांगणात निरनिराळ्या राज्यांची लोकनृत्ये आणि हस्तकला माफक खर्चात पाहता येतात. दिवाळीनंतरच्या दिवसांत अनेकदा राज्य हौशी नाट्यस्पर्धेची प्राथमिक फेरी रंगते आणि नाममात्र तिकिटात रोज नवे नाटक पाहण्याची सोय होते. मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक नाटकाचे तिकीट चौघांच्या कुटुंबाला सहज परवडत नाही. स्पर्धेची नाटके मात्र परवडणारी असूनही त्यांच्या वाट्याला रिकाम्या खुर्च्या येतात, ही शहराच्या रसिकतेला न शोभणारी गोष्ट आहे.

तिसरा प्रवाह लोकप्रतिनिधी आणि प्रायोजक यांचा. दिवाळी पहाटेच्या मैफलींपासून २०१७ साली सुरू झालेल्या खासदार सांस्कृतिक महोत्सवापर्यंत अनेक कार्यक्रम याच आधारावर मोफत होतात. एरवी ज्यांच्या मैफलीचे तिकीट काढणे सामान्य माणसाला शक्य होत नाही, असे कलावंत त्यामुळे त्याला ऐकता येतात, ही या उपक्रमांची जमेची बाजू नाकारता येणार नाही. परंतु मोफत कार्यक्रमाचा खर्च कोणी ना कोणी उचलतच असतो आणि निवडही बहुधा त्याचीच असते. प्रवेशिका कोणामार्फत मिळतात, पुढच्या रांगा कोणासाठी राखलेल्या असतात, हे प्रेक्षक पाहत असतो. आनंद हा हक्क म्हणून मिळणे आणि मेहेरबानी म्हणून मिळणे यांत अंतर आहे. ते कमी करायचे, तर वर्गणीचा आणि शासनाचा असे पहिले दोन प्रवाह बळकट राहिले पाहिजेत.

आता मूळ मुद्दा प्रवासाचा. मार्च २०१९ मध्ये सुरू झालेल्या नागपूर मेट्रोचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये पूर्ण झाला. खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि लोकमान्यनगर ते प्रजापतीनगर हे दोन मार्ग सीताबर्डीला एकमेकांना छेदतात. कस्तुरचंद पार्कला स्वतःचे स्थानक आहे, इतवारीच्या बाजूला चितारओळ आणि अग्रसेन चौक आहेत, तर दीक्षाभूमीसाठी रहाटे कॉलनी हे त्यातल्या त्यात जवळचे. पण महाल, सक्करदरा, रेशीमबाग, हनुमाननगर हा पट्टा या दोन्ही मार्गांबाहेर राहिला. नेमके याच पट्ट्यात २०१७ मध्ये खुले झालेले कविवर्य सुरेश भट सभागृह आहे आणि मोठ्या महोत्सवांचे ईश्वर देशमुख महाविद्यालयाचे मैदानही आहे. मंजूर झालेला दुसरा टप्पा कन्हान, बुटीबोरी, हिंगणा आणि कापसी अशा शहराबाहेरच्या दिशांना जातो. तेव्हा या भागाची भिस्त पुढेही महापालिकेच्या 'आपली बस'वरच राहणार.

त्यात वेळेची अडचण. एरवी मेट्रो रात्री दहाच्या सुमारास थांबते आणि कार्यक्रम त्याच वेळी संपत असतो. मग उरते ऑटोरिक्षा. मीटरने जाण्याची सवय या शहराला कधी लागलीच नाही. त्यामुळे विनातिकीट मैफल ऐकून परतणाऱ्या कुटुंबाला रिक्षाचे भाडे हेच खरे तिकीट ठरते. ते परवडत नाही म्हणून शेवटचे गाणे सुरू असतानाच उठावे लागते किंवा मुळात घरीच बसावे लागते. एकटीने परतणाऱ्या मुलीच्या बाबतीत तर प्रश्न पैशांपुरताही राहत नाही.

यावर फार मोठ्या खर्चाची उपाययोजना लागत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ध्वनिक्षेपक रात्री बारापर्यंत वाजविण्याची मुभा देता येते. सर्वोच्च न्यायालयानेही २००५ साली ही तरतूद ग्राह्य ठरविली. त्या दिवसांची यादी प्रशासन जाहीर करते. ज्या रात्री ध्वनिक्षेपकाला बारापर्यंत परवानगी, त्या रात्री बस आणि मेट्रोही कार्यक्रम संपल्यावर तासभर धावेल, एवढा साधा नियम केला तरी पुष्कळ साधेल. कोलकात्यात दुर्गापूजेच्या मुख्य रात्री मेट्रो पहाटेपर्यंत धावते. मुंबईत अनंत चतुर्दशीच्या रात्री लोकलच्या जादा गाड्या सुटतात. नागपूर मेट्रोनेही जामठ्यातील क्रिकेट सामन्यांसाठी उशिरापर्यंत गाड्या सोडल्या आहेत. महागडे तिकीट काढलेल्या प्रेक्षकासाठी जे शक्य होते, ते विनातिकीट मैफलीच्या श्रोत्यासाठी अशक्य असण्याचे कारण नाही.

तोवर नागरिकांनी आपल्या परीने हिशेब मांडावा. सायंकाळच्या गर्दीऐवजी दिवाळी पहाट निवडावी. येताना बस मिळते आणि वाटेत तर्री-पोह्यांवर साऱ्यांची न्याहारीही होते. शेजारच्या चार घरांनी मिळून एक गाडी ठरवावी. नाट्यस्पर्धेच्या वेळापत्रकावर नजर ठेवावी. पण ही काटकसर नागरिकांनी किती काळ करायची? शहराच्या प्रगतीच्या गप्पा उड्डाणपुलांच्या लांबीवर होतात. दसऱ्याच्या रात्री कस्तुरचंद पार्कवरून हुडकेश्वरला किंवा कळमन्याला जाणारे कुटुंब दहा-वीस रुपयांच्या तिकिटात सुखरूप घरी पोहोचते का, हा निकष लावला, तर त्या प्रगतीचे मोजमाप अधिक प्रामाणिक होईल.