मोकळी जागा, पण रिकामी नाही

कडेगावच्या मोहरमचे ताबूत पाहायला दरवर्षी लांबलांबून माणसं येतात. हिंदू-मुसलमान दोघांचाही मान असलेले हे उंचच उंच ताबूत एकमेकांना भेटतात ते गावातल्या मोकळ्या जागेत. वर्षाचे बाकीचे दिवस त्या जागेतून आपण भाजीची पिशवी सांभाळत नुसतं जातो-येतो. एखादा हिशेबी माणूस म्हणेल, एका दिवसासाठी एवढी जागा कशाला अडवायची? बांधा तिथे गाळे. पण असं म्हणणाऱ्याला गाव हसेल. त्या एका दिवसासाठीच जागा मोकळी राहायला हवी, हे इथल्या पोराबाळांनाही कळतं.

नदीकाठच्या जागेबद्दल मात्र हे शहाणपण आपल्याला सुचत नाही. काठावरचा तुकडा वर्षभर मोकळा दिसला, की तो ‘पडून आहे’ असं वाटायला लागतं. मग प्रस्ताव सुरू होतात. कुणाला तिथे व्यापारी संकुल हवं असतं, कुणाला कारंज्याची बाग. एक गट स्मारक म्हणतो, दुसरा पार्किंग. नगरपालिकेच्या सभेत खडाजंगी होते, पेपरात बातम्या येतात, चौकाचौकांत फलक लागतात. भांडण एवढं रंगतं की एक साधा प्रश्न मागेच राहतो. आत्ता या जागेवर कोण आहे?

नीट पाहिलं तर तिथे बरंच कुणी असतं. दसऱ्याआधी घरातल्या गोधड्या धुवायला बायका काठावरच जातात. बाथरूममधल्या बादलीत गोधडी मावत नाही आणि धुतली तरी ती वाळत घालायला फ्लॅटच्या गॅलरीत जागा नसते. कुणी गोवऱ्या थापतं, कुणाच्या शेळ्या चरतात. उसाच्या हंगामात साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात जिथे मोकळी जागा आणि जवळ पाणी असेल तिथे तोडणी कामगारांच्या कोप्या पडतात. भटक्यांची पालं उतरतात. दहनाची जागाही बहुतेक गावांत तिथेच असते. यातल्या कुणाच्याही नावावर ती जागा नसते. म्हणून प्रस्तावाच्या नकाशात ती माणसं नसतात. नकाशावर फक्त ‘मोकळी जागा’ असा शिक्का असतो. यात बायकांचा वाटा मोठा आहे, हे वेगळं सांगायला नको.

दुसरी हक्कदार म्हणजे खुद्द नदी. ती वर्षातून चार-आठ दिवस येते आणि आपली जागा मागते. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ फुटांवर गेलं की धोका, हे शाळकरी मुलंही सांगतात. २००५ मध्ये ते ५३ फुटांच्या वर गेलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ फुटांच्या पुढे. २०२१ च्या जुलैत पुन्हा ५५ फुटांच्या आसपास. दोन पिढ्यांत एकदा यायचा तो पूर सोळा वर्षांत तीनदा आला. आता त्याला ‘अचानक’ तरी कसं म्हणायचं?

पूर ओसरल्यावर घरात काय होतं ते पुरुषांपेक्षा आपल्याला जास्त ठाऊक असतं. पंचनाम्याला तलाठी येईपर्यंत चिखल तसाच ठेवायचा की काढायचा, इथपासून सुरुवात होते. भिजलेलं धान्य, फुगलेले दरवाजे, मुलांची दप्तरं, रेशनकार्ड. कपाटातल्या सगळ्या साड्यांना येणारा तो एकच वास. महिनाभर घर वर आणायचं काम कुणाकडे असतं? आणि ब्रह्मनाळ तर विसरताच येणार नाही. खटाव तालुक्यातून येणारी, आपल्या भागातून वाहणारी येरळा जिथे कृष्णेला मिळते तिथलं हे गाव. ८ ऑगस्ट २०१९ ला पुरातून माणसांना बाहेर काढताना बोट उलटली. बुडालेल्यांत बायका आणि मुलं जास्त होती.

हे नुसतं आभाळाचं काम नाही, धरणांतून कधी आणि किती पाणी सोडायचं याचाही त्यात भाग आहे. पण पाणी कुठूनही आलं तरी ते पसरायला जागा लागतेच. ती भरावाने आणि भिंतींनी अडवली की ते शेजारच्या गल्लीत शिरतं. पुण्यात २५ जुलै २०२४ ला मुठेचं पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरलं, तेव्हा चांगल्या पक्क्या सोसायट्यांतल्या बायका कमरेएवढ्या पाण्यातून बाहेर पडल्या. त्याच पुण्यात मुळा-मुठेच्या काठाने सुमारे ४४ किलोमीटरचा नदीकाठ सुधारण्याचा प्रकल्प सुरू आहे. मार्च २०२२ मध्ये त्याचं भूमिपूजन झालं आणि खर्चाचा अंदाज सुमारे ४७०० कोटींचा होता. काठ स्वच्छ आणि देखणा व्हावा, माणसांना नदीपर्यंत जाता यावं, ही त्यामागची इच्छा वाईट नाही. पण झाडं आणि पुराची जागा यांवरून नागरिकांनी आक्षेप घेतले, मोर्चे काढले. त्यांचं म्हणणं असं की आधी मैलापाणी थांबवा, काठाची नैसर्गिक झाडी राखा, नदीचं पात्र आवळू नका. मोठ्या शहरात जे होतं त्याची नक्कल पाच-दहा वर्षांत तालुक्याच्या गावी येते. म्हणून हा वाद पुणेकरांचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

नियम नाहीत असं नाही. आपल्या राज्यात नदीकाठी पूररेषा आखतात. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत पक्कं बांधकाम करायचं नाही. मैदान, बाग, हलकी पिकं, असा मोकळा वापर चालतो. निळी आणि लाल यांच्या मधल्या पट्ट्यात अटी घालून परवानगी मिळते. म्हणजे काठावरच्या जागेसाठी संकुल की स्मारक असा वाद सुरू होतो, तेव्हा पहिल्यांदा विचारायचं ते हेच की जागा कुठल्या रेषेत येते? अर्धे प्रस्ताव तिथेच गळून पडतील.

संकुलवाल्यांची बाजूही ऐकायला हवी. छोट्या नगरपंचायतीकडे पैसा नसतो. गाळ्यांची अनामत आणि भाडं हे तिचं हक्काचं उत्पन्न. त्यातूनच दिवाबत्ती होते, गटारं होतात. बचत गटाच्या बाईलाही एखादा गाळा हवाच असतो. पण गाळा अशा जागी हवा जिथे पाणी येणार नाही. पुरात बुडणाऱ्या गाळ्याचं उत्पन्न मोजायचं असेल तर त्याच वहीत पुढच्या पुराचं नुकसानही मोजावं लागेल. ते भरताना मात्र अनामत घेणारा हात पुढे येत नाही.

चांगलं उदाहरण शोधायला लांब जायला नको. कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा-कोयनेच्या मिलनापाशी यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. यशवंतराव देवराष्ट्र्याचे, म्हणजे आताच्या कडेगाव तालुक्यातले. तिथल्या बागेत पूर येतो आणि ओसरतो, मग साफसफाई होऊन पुन्हा माणसं फिरायला येतात. स्मारक आहे, बाग आहे आणि नदीलाही वाट आहे.

नदीची जागा कुणाची, हा वाद आपल्या येरळेच्या पात्रात याआधीही झाला आहे. १९८० च्या दशकातली गोष्ट. कडेगाव तेव्हा खानापूर तालुक्यातच होतं आणि भागात दुष्काळ होता. येरळा बराच काळ कोरडी. कोरडी नदी म्हणजे सगळ्यांत मोठी मोकळी जागा! ठेकेदार तिथली वाळू उपसून नेत होते आणि काठच्या विहिरी आटत होत्या. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईहून परतलेले कामगार, शेतकरी, डॉ. भारत पाटणकरांची मुक्ती संघर्ष चळवळ यांनी वेगळाच प्रस्ताव मांडला. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी ठरावीक वाळू स्वतः विकायची आणि त्या पैशातून धरण बांधायचं. वाळू सरकारची, असं म्हणून आधी विरोध झाला. लोकांनी आंदोलन केलं. अभियंते के. आर. दाते यांच्यासारख्या जाणकारांनी मदत केली आणि बळीराजा स्मृती धरण उभं राहिलं. त्याच्या पाण्यात जमीन नसलेल्या घरांनाही वाटा असावा, असं ठरवण्यात आलं. एकाच पात्रासाठी दोन प्रस्ताव होते. एकात वाळू गावाबाहेर जात होती आणि दुसऱ्यात पाणी गावात राहत होतं.

त्याच सुमारास सांगली जिल्ह्यातल्या परित्यक्ता स्त्रियाही रस्त्यावर आल्या होत्या. घर, रेशनकार्ड, राहायला जागा यांसाठी. वाटा ‘घराला’ मिळतो खरा, पण घर कुणाच्या नावावर, हा त्यांचा सवाल होता. नदीकाठच्या जागेलाही तो लागू आहे. ‘गावाच्या विकासासाठी’ म्हणताना त्या गावात कोण कोण धरलं आहे?

मग आपण काय मागायचं? खूप काही नाही. पाणी येऊन गेलं तरी बिघडणार नाही असा घाट, चांगल्या रुंद पायऱ्यांचा, जिथे गोधडी धुता येईल आणि म्हातारीला उतरता येईल. झाडं, मोकळं मैदान, उचलून नेता येतील अशा टपऱ्यांचा आठवड्याचा बाजार. संध्याकाळी बायकांना निर्धास्त बसता येईल एवढा उजेड. स्वच्छतागृह हवंच, पण ते पूररेषेच्या वर, नाहीतर पहिल्याच पुरात त्याला कुलूप लागेल. आणि कोप्या, पालं हलवायची असतील तर आधी दुसरी जागा, पाणी आणि आडोसा. नंतर बाग.

अडचण इथेच आहे. ग्रामपंचायतीत ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची, असा कायदा आहे. ती कागदावर होते की खरी, हे ज्या त्या गावाने सांगावं. पण तालुक्याची गावं नगरपंचायती झाली तशी ग्रामसभाच गेली. कडेगावही त्यातलंच. आता निम्म्या जागांवर नगरसेविका असतात. त्यांना जाऊन विचारायला कुणाची ना आहे? भेटीला त्यांच्याऐवजी ‘साहेब’ आले तर नम्रपणे सांगावं, आम्हांला वहिनींशीच बोलायचं आहे.

विकास आराखड्याचं प्रारूप जाहीर झालं की हरकती आणि सूचना मागवतात. नोटीस पेपरात बारीक अक्षरात येते, बहुतेक वेळा आपण त्या पानावर भाजी निवडतो. हरकत कुणीही नागरिक घेऊ शकतो आणि त्यावर सुनावणी होते. बाग किंवा मैदानाचं आरक्षण असलेली जागा दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरही ठरल्या मुदतीत काही झालं नाही तर आरक्षण उठतं. म्हणजे गप्प राहणं हेही एका बाजूला मत देण्यासारखंच.

बचत गटाची बैठक महिन्यातून एकदा होतेच. हप्ते लिहून झाले की त्याच वहीत आणखी एक पान काढा. काठावरच्या जागेवर आज कोण येतं, कशासाठी येतं, गेल्या पुरात पाणी कुठल्या दगडापर्यंत आलं होतं, हे आपल्या म्हाताऱ्या बायकांना विचारून लिहा. एवढी माहिती कुठल्याही सल्लागार कंपनीकडे नसते. तेच साध्या कागदावर उतरवून सगळ्यांनी सह्या करा आणि पोच घेऊन नगरपंचायतीत द्या. मुदत मात्र चुकवू नका.