फॅनला गप्प करण्याआधी

प्लेस्टेशन ४ भारतात आलं जानेवारी २०१४ मध्ये. त्या पहिल्या पिढीची मशीन्स आता दोन-तीन मालकांच्या हातांतून फिरून, टीव्हीखालच्या बंद कपाटात उन्हाळे काढून आपल्या टेबलावर येतात. तक्रार ठरलेली असते : ‘गेम लावला की फॅन बोंबलतो, बदलून द्या.’ आणि आपल्यातले बरेच जण खरोखरच फॅन बदलून देतात. त्याहून वाईट म्हणजे काही जण फॅनच्या बारा व्होल्टच्या वायरीत रेझिस्टर टाकून मोकळे होतात. मशीन गप्प बसतं, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. चिप मात्र आत तापतच राहते.

या मशीनला तापमान दाखवायची सोय नाही. फारच तापलं तर पडद्यावर सूचना येते आणि मशीन बंद पडतं, तोवर मालकाला काही कळत नाही. आतले सेन्सर काय सांगताहेत ते बाहेर कळायला एकच मार्ग आहे, फॅनचा वेग. आवाज हेच मीटर. रेझिस्टर टाकणारा माणूस मीटरचा काटा वाकवतो आणि दुरुस्ती केली म्हणून पैसे घेतो. हे आम्हाला मान्य नाही, आणि या अंकात तसं स्पष्ट लिहिलेलं बरं.

फॅन आपण होऊन हळू फिरू लागला, तरच काम झालं म्हणायचं. त्यासाठी फार मोठा चमत्कारही लागत नाही. ब्लोअरचा वेग २० टक्क्यांनी उतरला की आवाज साधारण ५ डेसिबलने कमी होतो, वेग निम्मा झाला तर १५ डेसिबलने. पाच डेसिबलचा फरक गिऱ्हाइकाच्या कानाला लगेच कळतो.

स्क्रू काढण्याआधी पाच मिनिटं मागच्या जाळीपाशी हात धरून बसा. बहुतेक निदान तिथेच होतं. पहिल्या पिढीचं मशीन गेम चालू असताना सुमारे १४० वॉट खातं, आणि ती सगळी उष्णता हवेबरोबरच बाहेर पडणार. सेकंदाला दहा लिटर हवा गेली तर ती खोलीपेक्षा साधारण १२ अंशांनी तापून निघते, पाचच लिटर गेली तर २३ अंशांनी. आता फॅन ओरडतोय, पण मागून येणारा झोत मंद आणि कढत आहे, तर हवेची वाट अडलेली आहे. हीटसिंकच्या पात्यांत धूळ असणार. फॅन ओरडतोय, झोत जोरदार आहे आणि त्या मानाने गार आहे, तर हवा भरपूर जातेय पण चिपची उष्णता हीटसिंकपर्यंत पोचत नाही. दोष पेस्टचा किंवा दाबाचा. मल्टिमीटरला थर्मोकपल असेल तर हाताऐवजी तो वापरा. लेझर गन मात्र चकचकीत पत्र्यावर धरू नका, ती तिथे हमखास कमी आकडा दाखवते.

याच हिशेबामुळे एक गंमत होते. चांगली सर्व्हिस झालेल्या मशीनचा फॅन हळू चालतो, म्हणून मागची हवा आधीपेक्षा गरम लागते. गिऱ्हाईक हात लावतं आणि म्हणतं, अहो, हे तर जास्तच तापतंय! अशा वेळी गडबडून मशीन पुन्हा उघडू नका. हिशेब समजावून सांगा.

धुळीचं काम सोपं, पण आपल्याकडे ते उरकलं जातं. खालचं कव्हर आणि पॉवर सप्लाय काढला की पाती समोर दिसतात, बोर्ड सोडवावा लागत नाही. सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरवर तीनशेहून जास्त व्होल्ट रेंगाळलेले असू शकतात, तेव्हा प्लग काढून थोडं थांबा आणि सप्लायची पेटी उघडायला जाऊ नका. गरम हवा त्या पेटीतूनच बाहेर जाते, म्हणून तिच्या जाळीतही गच्च धूळ बसलेली असते. ती ब्रशने काढा. ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटाने धरा, नाहीतर तो भन्नाट फिरून बेअरिंगची वाट लागते. कोकणातल्या मशीनमध्ये धूळ दमट होऊन चिकटते, ती नुसत्या हवेने हटत नाही.

पेस्टबद्दल आपल्या धंद्यात ब्रँडची फार चर्चा होते आणि जाडीची अजिबात नाही. या मशीनची मुख्य चिप सुमारे ३४८ चौरस मिलिमीटरची आहे. समजा तिच्यातून १०० वॉट जाताहेत. चार रेटिंगच्या साध्या पेस्टचा थर ०.१ मिमी जाड असेल, तर तो ओलांडताना ७ अंश जातात. थर निम्मा केला की साडेतीन. आठ रेटिंगची महाग पेस्ट आणून थर तेवढाच जाड ठेवला, तरी साडेतीनच. म्हणजे जुनी पेस्ट आयसोप्रोपिलने पूर्ण पुसणं आणि क्लॅम्पचे दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळणं यात जे मिळतं, ते नळीवर छापलेल्या आकड्यात शोधायची गरज नाही. मेमरीवरचे पॅडही मूळ जाडीचेच हवेत. जाड पॅड घातला की वरचा पत्रा नीट बसत नाही आणि सगळी मेहनत वाया जाते.

लिक्विड मेटलचा मोह टाळा. सोनीने २०२० च्या प्लेस्टेशन ५ मध्ये ते वापरलं, पण भोवतीने गळती अडवायची सोय करून. ते वीजवाहक आहे आणि त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम खातं. गिऱ्हाइकाच्या जुन्या बोर्डावर हा प्रयोग नको.

एवढा आटापिटा कशासाठी, असं विचारणाऱ्यांनी एक्सबॉक्स ३६० आठवावा. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टला त्याची वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवावी लागली आणि त्यापोटी एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढावी लागली. पुढे कंपनीनेच सांगितलं की मशीन चालू-बंद होताना होणाऱ्या तापण्या-थंडावण्याने चिपच्या आतले जोड तुटत होते. ते जोड हीटगनने भाजून कायमचे जुळत नाहीत, हे रीफ्लो करून देणाऱ्या मंडळींना एव्हाना ठाऊक आहे.

मशीन परत देताना चाचणी मेन्यूवर घेऊ नका, तिथे कुठलाही फॅन शांतच असतो. ‘होरायझन झिरो डॉन’ लावा आणि नकाशा उघडून ठेवा. त्या पडद्यावर जुन्या मशीनचे फॅन हमखास चढतात. कामाआधी आणि कामानंतर तोच पडदा, तेवढाच वेळ, आवाज मोजणारा फोन तेवढ्याच अंतरावर. दोन्ही आकडे बिलावर लिहा आणि शेजारी खोलीचं तापमानही लिहा. नाहीतर जानेवारीत नाशिकला घेतलेला आकडा मे महिन्यात अकोल्याला दाखवून कोणीतरी भांडायला येईल. फॅन बदलायची वेळही कधीकधी येते. थंड मशीन चालू करताच खरखर ऐकू आली किंवा पाती बोटाला हलती लागली, तर बेअरिंग गेलेलं आहे. तेव्हा नवा घाला, पण त्याच मॉडेलचा, आणि वायरीत काहीही न जोडता.