सहा की आठ?

रात्री साडेअकराला फोन वाजला की आमच्या वयात आधी छातीत धस्स होतं. फोन भाच्याचा होता. "मामा, सहा की आठ?" ना हॅलो, ना कसा आहेस. मी अर्धवट झोपेत. म्हटलं, "पोळ्या?"

पोळ्या नव्हत्या, सबनेट होते, म्हणजे नेटवर्कचे तुकडे. भाचा सीसीएनएच्या मागे लागलाय. नेटवर्किंगच्या धंद्यात शिरायचं तर सिस्को कंपनीची ही परीक्षा म्हणजे दाराची कडी. १९९८पासून पोरं ती वाजवत आली आहेत. फी ३०० डॉलर, म्हणजे आजच्या भावाने २५ हजारांच्या पुढे. नापास झालात तर पुन्हा तेवढेच मोजायचे. त्यामुळे सहा की आठ हा प्रश्न त्याच्या लेखी पोटापाण्याचाच होता.

त्याच्यापुढे तीन गुरू बसले होते. आप्पा बळवंत चौकातून दीडशे रुपयांत उचललेलं एक जाडजूड पुस्तक, आवृत्ती १९९९ची. क्लासच्या स्पायरल बांधलेल्या झेरॉक्स नोट्स. आणि मोबाइलवरचा एक व्हिडिओ. पुस्तक म्हणत होतं सहा, व्हिडिओ म्हणत होता आठ. नोट्स तर दोन्ही म्हणत होत्या, सुरुवातीला सहा आणि तीस-एक पानांनी आठ. क्लासच्या सरांना विचारलं, तर ते म्हणाले, "परीक्षेत आठ टाक, बाकी विचारू नकोस." त्या शेवटच्या तीन शब्दांनी त्याची झोप उडाली होती.

प्रश्न तसा सोपा आहे. १९२.१६८.१.० हे २५६ पत्त्यांचं एक नेटवर्क घ्या. त्याचे तुकडे करायला तीन बिट उसने घ्या. दोनचा तिसरा घात आठ, म्हणून तुकडे आठ आणि प्रत्येकात ३२ पत्ते. इथवर सगळ्यांचं एकमत. भांडण पुढे आहे: या आठांतला पहिला आणि शेवटचा तुकडा वापरायचा की नाही?

एका वाड्याचं नाव 'गोखले' आणि त्यातल्या पहिल्या बिऱ्हाडाचं नावही 'गोखले' असं समजा. पत्रावर नुसतं 'गोखले' लिहिलेलं. पोस्टमनने ते वाड्याच्या मालकाला द्यायचं की बिऱ्हाडकरूला? पहिल्या तुकड्याचं तेच होतं. त्याचा पत्ता १९२.१६८.१.०, आणि अख्ख्या नेटवर्कचा पत्ताही तोच. शेवटच्या तुकड्यात सगळ्यांना हाक मारायची तर पत्ता १९२.१६८.१.२५५, आणि अख्ख्या वाड्याला हाक मारायचा पत्ताही नेमका तोच. 'किती मोठा तुकडा' हे सांगणारा मास्क, राउटर एकमेकांना वाटा कळवायला वापरत त्या आरआयपीसारख्या जुन्या प्रोटोकॉलच्या निरोपात जातच नसे. म्हणून १९८५च्या आरएफसी ९५० या इंटरनेटच्या नियमपत्रकाने सांगून टाकलं की हे दोन तुकडे बाजूला ठेवा. आठातून दोन गेले, राहिले सहा.

पुढे निरोपासोबत मास्क पाठवणारे प्रोटोकॉल आले. पत्रावर 'गोखले वाडा' आणि 'गोखले, बिऱ्हाड पहिलं' असं वेगवेगळं लिहिता येऊ लागलं. घोळ संपला, तसं बंधनाचं कारणही संपलं. १९९५च्या आरएफसी १८७८ने ही पद्धत कालबाह्य झाल्याचं स्पष्टच लिहिलं. सिस्कोच्या राउटरमध्ये आयओएस या त्याच्या प्रणालीच्या १२.० आवृत्तीपासून पहिला तुकडा वापरायची मुभा आपोआप चालू असते. तरीही भाच्याचं १९९९चं पुस्तक सहालाच धरून बसलं होतं. कागदावर नियम बदलतो, मग यंत्रात, मग पुस्तकात, आणि सगळ्यात शेवटी क्लासच्या झेरॉक्समध्ये. कधीकधी तर तिथे बदलतच नाही.

हे सगळं फोनवर सांगून भागलं असतं. पण पोरगा पडला चिकित्सक. रविवारी घरी आला. माळ्यावर माझा एक जुना राउटर पडून आहे, बायकोच्या भाषेत 'तो लोखंडी डबा'. खाली काढला, धूळ झटकली. आकाशी रंगाची चपटी कन्सोल केबल सापडली, पण आताच्या लॅपटॉपला तसलं जुनं पोर्ट असतंय कुठे? कोपऱ्यावरच्या दुकानातून यूएसबीचा जोड आणला. पंखा घरघरला आणि पडद्यावर अक्षरं उमटू लागली. भाच्याने १९२.१६८.१.१ हा पत्ता /२७ मास्कसह, म्हणजे ३२ पत्त्यांच्या तुकड्यातला म्हणून, एका पोर्टला दिला. राउटरने मुकाट घेतला. म्हणजे पहिला तुकडा चालला, उत्तर आठ.

"आता पत्ता काढ," मी म्हटलं, "आणि पहिल्या तुकड्याची मुभा बंद करायला 'नो आयपी सबनेट-झीरो' टाईप कर. मग तोच पत्ता पुन्हा दे." दिला. राउटर फटकन म्हणाला, "बॅड मास्क /२७."

भाचा पडद्याकडे बघतच राहिला. तोच डबा, तोच पत्ता, आणि पाच मिनिटांत दोन उत्तरं. "म्हणजे पुस्तक खोटं नव्हतं?" नव्हतं. फक्त ते कुठल्या काळाबद्दल बोलतंय, हे त्यात कुठे लिहिलेलं नव्हतं.

आणि मला आज नेमकं हेच मांडायचंय. दोन पुस्तकं भांडली की आपण न्यायाधीश होऊन एकाला खरं आणि एकाला खोटं ठरवायला बसतो. मार्गदर्शक, गाइड, अपेक्षित प्रश्नसंच यांवर पोसलेला आपला पिंड. एका प्रश्नाला एकच उत्तर, तेही ठळक टायपात. संगणकाच्या परीक्षांत ही सवय अंगाशी येते, कारण यातली बरीच भांडणं खऱ्याखोट्याची नसतातच. दोघंही खरं बोलत असतात, फक्त वेगवेगळ्या सालाबद्दल किंवा वेगवेगळ्या मापाने.

मापाचं उदाहरण घ्या. एक केबी म्हणजे १०२४ बाइट, हे एमएस-सीआयटी केलेल्या कुणालाही झोपेत विचारा. पण एक टीबीची हार्ड डिस्क विकत आणा, विंडोज तिच्यात ९३१ जीबीच दाखवतं. दुकानदाराने फसवलेलं नसतं. डिस्क बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४च्या. हा घोळ मिटावा म्हणून १९९८ साली आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने १०२४च्या मापाला 'किबीबाइट' हे वेगळं नाव दिलं. शब्द कोशात गेला, बाजारात काही रुळला नाही. मॅकने २००९पासून डिस्क हजाराच्या पटीत दाखवायला घेतली. तेव्हा 'किती बाइट?' असं विचारलं तर आधी 'कुणाचं माप?' हे विचारायला हवं.

कॉम्पटिया ए प्लस ही संगणक-दुरुस्तीची परीक्षा देणाऱ्यांना लेझर प्रिंटर छळतो. जुन्या पुस्तकांत छपाईच्या पायऱ्या सहा, पहिली सफाई. नव्या यादीत पायऱ्या सात, पहिली प्रोसेसिंग आणि सफाई शेवटी. पोरं ग्रुपवर हमरीतुमरीवर येतात. पण कॉलेजजवळच्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानातलं यंत्र उघडून बघा, ड्रम गोल फिरत असतो. एका पानानंतरची सफाई म्हणजेच पुढच्या पानाआधीची सफाई. रहाटगाडग्यातलं पहिलं गाडगं कोणतं, यावर कुणी डोकी फोडून घेतं का? यादी पाठ करावी लागते, कारण परीक्षेला तीच हवी असते. पण ती यादी आहे, यंत्राचा स्वभाव नव्हे, एवढं कळलं तर पाठही लवकर होते.

राहतात त्या निव्वळ चुका, आणि त्यांचं माहेर म्हणजे 'डंप'. परीक्षेतून चोरलेले म्हणून फिरणारे प्रश्न आणि कुणीतरी ठोकून दिलेली उत्तरं. परीक्षेआधी प्रश्न बाहेर न सांगण्याच्या करारावर होकार द्यावा लागतो आणि तो मोडला तर मिळालेलं प्रमाणपत्रही जाऊ शकतं, हा झाला नीतीचा भाग. पण निव्वळ व्यवहार पाहिला तरी हा सौदा महागातच पडतो. भाच्याचा मित्र म्हणाला, "काका, तीन डंपमध्ये एकच उत्तर आहे, म्हणजे बरोबरच असणार." अरे बाबा, तिघांच्या घरचं दही एकाच विरजणाचं असेल तर ते तिघांचं मत कसं? एकाने चूक केली, दोघांनी ती उतरवून घेतली. साक्षीदार मोजण्याआधी ते एकाच घरात जेवतात का, ते बघावं.

यात पोरांचाच दोष आहे असं मात्र मी म्हणणार नाही. एमपीएससीची परीक्षा झाली की पहिली उत्तरतालिका येते, उमेदवार हरकती घेतात, मग अंतिम उत्तरतालिका लागते. तिच्यावरूनही वाद होतात, पण निदान वाद घालायला जागा तरी आहे. या कंपन्यांच्या परीक्षांत तेवढीही नाही. निकाल कळतो, कुठल्या विभागात कच्चे आहात ते कळतं. कोणता प्रश्न चुकला आणि का, ते कधीच कळत नाही. म्हणजे सहा-आठचं भांडण परीक्षा देऊनसुद्धा मिटत नाही. हजारो रुपये घेणाऱ्याने एवढी चुप्पी धरावी, हे मला पटत नाही.

तोवर पोरांच्या हाती दोन गोष्टी आहेत. पहिली, परीक्षेचा अधिकृत अभ्यासक्रम. कंपन्या तो फुकट देतात आणि त्यावर परीक्षेचा क्रमांक असतो. सीसीएनएचा क्रमांक २००-३०१, ही परीक्षा फेब्रुवारी २०२०मध्ये आली. भाच्याच्या नोट्समध्ये आरआयपीवर पानंच्या पानं होती. या अभ्यासक्रमातून तो केव्हाच बाहेर गेलाय. व्हॉट्सॲपवर श्रद्धांजली वाहायची तीच तीन अक्षरं, तरी सरांना सुगावा लागला नाही. दुसरी गोष्ट म्हणजे हात. प्रत्येकाच्या माळ्यावर राउटर नसतो, पण राउटरची नक्कल करणारं सिस्कोचं पॅकेट ट्रेसर फुकट मिळतं. बरीचशी भांडणं त्यात करून बघता येतात.

आणि क्लासवाल्यांना एकच विनंती. दुधाच्या पिशवीवर तारीख असते. खोकल्याच्या बाटलीवर असते. ज्या नोट्सवर पोरगा २५ हजार रुपये लावतो, त्यांच्यावर का नसावी? प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर साल आणि परीक्षेचा क्रमांक छापा, एवढंच. शाईचा खर्च तो काय?

निघताना भाचा ते जुनं पुस्तक रद्दीत टाकायला निघाला होता. मी अडवलं. मग त्याने सबनेटचं पान काढलं, 'सहा'भोवती पेन्सिलीने गोल केला आणि समासात लिहिलं : 'तेव्हा सहा. आता आठ. कारण मास्क.' परीक्षा झाली की तो हे पुस्तक आप्पा बळवंत चौकात पुन्हा विकणार आहे, ऐंशी रुपये तरी येतील म्हणतो. ज्या कुणाला ते मिळेल, त्याच्या मामाची झोप तरी वाचेल.

— वायरमन