रस्त्यापासून दारापर्यंत

नोव्हेंबर २०११मध्ये मुंबईतली अमेरिकी वकिलात ब्रीच कँडीच्या लिंकन हाउसमधून वांद्रे-कुर्ला संकुलात गेली. लिंकन हाउस हे मूळचे वांकानेर संस्थानिकांचे घर, १९३०च्या दशकातले, क्लॉड बॅटली यांच्या हातचे. जे. जे.त शिकलेल्या आपल्या आधीच्या पिढ्यांचे हे गुरू. संस्थानिकासाठी बांधलेल्या त्या घरात परदेशी कचेरी पन्नासहून अधिक वर्षे नांदली. नवी इमारत मात्र खास वकिलातीसाठीच उभारलेली आहे, रस्त्यापासून आत आणि भिंतीआड. आर्किटेक्टच्या नजरेने पाहिले तर या स्थलांतरात सर्वांत जास्त बदलली ती रस्ता आणि दार यांच्यामधली जागा. वकिलातींच्या रचनेवर लिहिताना मला बोलायचे आहे ते याच जागेबद्दल.

दिल्लीच्या चाणक्यपुरीतली अमेरिकी वकिलात आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत अभ्यासलेली असते. एडवर्ड ड्युरेल स्टोन यांची ही इमारत जानेवारी १९५९मध्ये खुली झाली. उंच जोते, रुंद पायऱ्या, समोर गोल तलाव, चहूबाजूंनी जाळी आणि आत पाण्याचा चौक. परीक्षेत आपण जाळीबद्दल लिहून मोकळे होतो. पण या इमारतीचे खरे बळ तिच्या सेक्शनमध्ये आहे. बाहेर आलेल्या छपराची सावली आधी भिंतीवर पडते, मग जाळी उन्हाची तिरीप मोडते, आणि तिच्यामागे काचेची खोली थंड राहते. येणारा माणूस पायऱ्या चढता चढता उन्हातून सावलीत येतो. त्या काळी परराष्ट्र कचेरी म्हणजे यजमान देशासमोर आपण कसे उभे राहतो याची जाहीर खूण होती, आणि स्टोन यांनी ती मोकळ्या हाताने काढली.

मग काळ फिरला. १९८३मध्ये बैरूतच्या अमेरिकी वकिलातीवर स्फोटकांनी भरलेली गाडी आदळली. १९८५मध्ये अमेरिकेच्या ॲडमिरल इनमन यांच्या समितीने वकिलातीची इमारत आणि रस्ता यांत शंभर फूट, म्हणजे सुमारे तीस मीटर, अंतर मागितले. ७ ऑगस्ट १९९८ रोजी नैरोबी आणि दार-ए-सलामच्या अमेरिकी वकिलातींपाशी एकाच दिवशी स्फोट झाले, दोनशेहून अधिक माणसे गेली, आणि त्यात मोठा भरणा स्थानिक लोकांचा होता. हे विसरून भिंतीला नावे ठेवणे बेजबाबदारपणाचे होईल. स्फोटाची ताकद अंतराने झपाट्याने घटते. तीस मीटर ही चैन नव्हे. मला खटकते ते पुढचे. अमेरिकेने त्यानंतर एकच ठरीव नकाशा लहान, मध्यम, मोठा अशा मापांत जगभर वापरला. कोरडे शहर असो की पावसाळी, साचा तोच. आणि ते तीस मीटर बहुतेक ठिकाणी नुसतेच मोकळे राहिले: हिरवळ, डांबर, कॅमेरे.

त्या अंतराचेही डिझाइन करता येते हे लंडनने दाखवले. नाइन एल्म्समधली, जानेवारी २०१८मध्ये सुरू झालेली किरनटिम्बरलेक यांची अमेरिकी वकिलात पाहा. तिथे गाडी अडवण्याचे काम एका बाजूला अर्धवर्तुळाकार तळे करते, बाकी ठिकाणी जमिनीचे चढउतार आणि झाडी. सुरक्षेच्या अटी तितक्याच कडक, पण रस्त्यावरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे आधी बाग येते.

भारताने परदेशी जे बांधले त्यातही शिकण्यासारखे पुष्कळ आहे. न्यूयॉर्कच्या पूर्व ४३व्या रस्त्यावर चार्ल्स कोरिया यांनी संयुक्त राष्ट्रांतल्या भारतीय प्रतिनिधिमंडळासाठी चिंचोळ्या भूखंडावर उंच मनोरा उभा केला. खाली लाल ग्रॅनाइट आणि माथ्यावर मोकळी ओसरी. मॅनहॅटनमध्ये जमीन हात आखडून मिळते, म्हणून मोकळी जागा त्यांनी वर नेली. बर्लिनमध्ये लेऑन वोल्हागे वेर्निक या तिथल्याच कचेरीने २००१च्या सुमारास भारतीय दूतावास बांधला, तो राजस्थानच्या लाल दगडात. दगड आपला, हात त्यांचे. मला ही जोडी फार आवडते.

आणि अशी जोडी आपल्या दाराशीही आहे. अंबरनाथच्या शिवमंदिराचा शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इ. स. १०६०चा, शिलाहार मम्मुणीच्या काळचा. शैली भूमिज, माळव्यात बहरलेली. दगड मात्र इथलाच काळा बेसाल्ट. वालधुनीच्या काठी उभे राहून या मंदिराचा प्लॅन काढून बघा. मंडपातून तीन मुखमंडप पुढे आलेले आहेत. दारापाशी पोचलेला माणूस आधी छपराखाली, खांबांमध्ये येतो, मग मंडपात, आणि मग पायऱ्या उतरून जमिनीखालच्या गाभाऱ्यात. बाहेरचा आणि आतला यांच्यामध्ये एवढे टप्पे आहेत, आणि प्रत्येक टप्प्यावर उजेड बदलतो.

हे सांगायचे कारण आपले रोजचे काम आहे. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरात आपल्यापैकी कुणाला वकिलात बांधायला मिळेल असे नाही. पण तटबंदीआडच्या इमारती आपण रोज काढतो: एमआयडीसीतले कारखाने, शाळा, रुग्णालये, बदलापूरचे टॉवर. मार्जिन नियमाप्रमाणे सुटते, पार्किंग बसते, एलिव्हेशनवर चर्चा झडते, आणि कंपाउंड वॉल ठेकेदाराच्या मर्जीवर जाते. वॉचमनची केबिन सर्वांत शेवटी येते. चार पत्रे, एक प्लास्टिकची खुर्ची, सुतळीने बांधलेले पेन आणि नोंदवही. आत कुणाला तरी भेटायला आलेला माणूस त्या पत्र्याच्या कडेवरून गळणाऱ्या पागोळीखाली छत्री सांभाळत आपले नाव लिहितो. ड्रॉइंगवर ही जागा कोरी असते.

वकिलातींबाहेरही तेच दृश्य. सिंधी कुटुंबांमुळे उल्हासनगरची परदेशाशी नाती जुनी आहेत. व्हिसासाठी पहाटेची लोकल धरणारी माणसे आपल्या ओळखीची आहेत. कागदांची फाइल पोटाशी धरून फुटपाथवर उभे राहिलेले हे लोक त्या इमारतीचे सर्वांत मोठ्या संख्येने येणारे वापरकर्ते, आणि प्रोग्रॅममध्ये त्यांना चौरस फूट नाहीत. रांगेवर छप्पर, टेकायला कट्टा, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, सामान ठेवायला कप्पे यांतली एकही गोष्ट सुरक्षेच्या आड येत नाही. तपासणीची खोली भिंतीत बसवून तिचेच छप्पर बाहेर तीन मीटर काढले तर खर्चही फारसा वाढत नाही. क्लायंट हे मागणार नाही, कारण क्लायंट गाडीतून आत जातो. मागायचे आपण, पहिल्याच बैठकीत.

पुढच्या अंकासाठी वाचकांनी आपल्या चालू कामाचा एकच सेक्शन पाठवावा. रस्त्याच्या मध्यरेषेपासून रिसेप्शनच्या टेबलापर्यंत, १:५० मापात. जुलैचा पाऊस कुठे पडतो, मे महिन्यात दुपारी एकची सावली कुठे पोचते आणि आत जायची वाट पाहणारा माणूस नेमका कुठे उभा आहे, एवढे त्यात दाखवा. निवडक सेक्शन आम्ही पूर्ण पानावर छापू.