कवडीचे मोल

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात पाबळ नावाचे गाव आहे. भोवतालचा मुलूख कोरडवाहू. पाऊस बेताचा आणि समुद्र तर फारच दूर. तरीही समुद्रातील एक वस्तू या भागातील घराघरांना पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. पोळ्याला बैलाच्या गळ्यात तिची माळ शोभते, भवानीच्या भुत्याच्या अंगावर ती रुळते, सारीपाटात तिचे दान पडते. ही वस्तू म्हणजे कवडी. परंतु कांद्याचा भाव कोसळला की शेतकरी उद्‌गारतो, “माल कवडीमोलाने गेला!” जी वस्तू देवीच्या सेवेत मानाची, तीच बोलण्यात क्षुद्रतेची खूण व्हावी, हे विचार करण्याजोगे आहे.

कवडी हे एका समुद्री गोगलगाईचे कवच होय. उष्ण कटिबंधातील उथळ पाण्यात, पोवळ्यांच्या खडकांच्या आश्रयाने हा लहानसा जीव राहतो. दिवसा तो कपारीत दडतो आणि रात्री बाहेर पडून शेवाळ खरवडून खातो. त्याच्या अंगाच्या मांसल पदराच्या दोन घड्या कवचावर दोन्ही बाजूंनी पसरतात व त्यावर गुळगुळीत लेप चढवितात. कवडीची झळाळी ही कोणा कारागिराची कमाई नव्हे, ती या जीवाची स्वतःची आहे. मादी तर अंडी घातल्यावर त्यांवर बसून त्यांचे रक्षण करते. १७५८ साली लिनीअस या शास्त्रज्ञाने या जातीला ‘मोनेटा’, म्हणजे नाणे, असे नाव दिले. जिवंत प्राण्याला पैशाचे नाव मिळाले, कारण तोवर शतकानुशतके माणसाने त्याच्याकडे पैसा म्हणूनच पाहिले होते.

नाणे होण्याचे गुण कवडीत होतेच. ती आकाराने लहान, टिकाऊ आणि मोजण्यास सोपी. शिवाय तिची नक्कल करणे कठीण. सह्याद्रीच्या परिसरातील भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’त नाण्यांचे कोष्टक कवडीपासूनच सुरू होते. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण आणि सोळा पणांचा एक द्रम्म. म्हणजे एका द्रम्मास १२८० कवड्या. या कवड्यांचे मोठे आगर मालदीव बेटांत होते. चौदाव्या शतकात तेथे राहिलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने लिहून ठेवले आहे की, तेथील लोक हे जीव समुद्रातून गोळा करून खड्ड्यांत ठेवीत. मांस नाहीसे झाले म्हणजे उरलेली कवचे बंगालला जात व त्यांच्या मोबदल्यात तांदूळ येई.

पुढे याच कवड्या युरोपीय व्यापाऱ्यांनी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर नेल्या आणि त्या देऊन माणसे गुलाम म्हणून विकत घेतली. ज्या व्यवहारात माणसाचा भाव कवड्यांत ठरला, त्या व्यवहारात हीन कोण होते? कवडी खासच नव्हे.

नाणे म्हणून कवडीचे पतनही माणसाच्याच इच्छेने झाले. १८०३ साली ओडिशा ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेल्यानंतर शेतसारा कवड्यांऐवजी चांदीच्या रुपयांत मागण्यात येऊ लागला. कवडीचा भाव उतरला आणि तेवढ्याच रुपयांसाठी रयतेला अधिक कवड्या मोजाव्या लागल्या. १८१७ च्या पाइकांच्या उठावामागील कारणांत या जाचाची गणना होते. कवडी होती तशीच होती; बदलला तो राज्यकर्त्यांचा हुकूम. आणि त्याची झळ लागली ती ज्यांच्या गाठीला कवड्यांवाचून दुसरे काही नव्हते त्या गरिबांना.

किंमत आणि मोल यांतील भेद येथे स्पष्ट होतो. किंमत बाजार ठरवितो आणि बाजारच ती मोडतो. व्यवहाराला किंमत हवी, हे कोणीही नाकारणार नाही; पण तिलाच मोल समजणे ही चूक होय. भाव पडल्याने कांद्याची चव उणी होत नाही की त्यासाठी गाळलेला घाम वाया गेला असे ठरत नाही. माणसांच्या बाबतीतही हेच खरे. शाळा सुटलेल्या मुलाला समाज सहज निरुपयोगी ठरवितो. पाबळ येथेच डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला व अशा मुलांना हातांनी काम करीत विद्या शिकण्याचा मार्ग दाखविला. परीक्षेच्या बाजारात ज्यांना भाव आला नाही, त्यांच्या ठायीही गुण असतात, हेच त्या कार्याने सिद्ध केले.

आज कवडी कोणत्याही देशाचे चलन नाही, पण शोभेच्या वस्तू म्हणून कवड्यांची विक्री चालूच आहे. लाटांनी किनाऱ्यावर लोटलेली जुनी कवडी झिजून निस्तेज झालेली असते. दुकानातील लखलखीत कवडी बहुधा जिवंत जीवाकडून हिरावलेली असते. म्हणून घरातील जुनी कवडी जपून ठेवावी, नवीचा हव्यास धरू नये. ज्याला ते कवच बांधता येत नाही, त्याने ते बांधणाऱ्या जीवाला क्षुद्र म्हणू नये, एवढा विवेक माणसाजवळ असलाच पाहिजे.